हाकेमागचा नाकतोडा

एका जंगलाच्या कडेला, जिथे करवंदीच्या जाळ्या संपून माळ सुरू होतो, तिथे सातभाईंचा एक थवा राहत असे. बाळांनो, मातकट रंगाचे, सदा कलकलाट करत पाचोळा उलटणारे हे पक्षी तुम्ही पाहिले असतील. नावात सात असले तरी थव्यात ते मोजून सात कधीच नसतात, आणि सगळे भाऊही नसतात. त्यांच्यात आया असतात, काकू असतात, आज्या असतात. अशीच एक तरुण आई त्या थव्यात होती. तिचे पहिलेच पिलू नुकते घरट्यातून खाली उतरले होते, आणि ते उतरल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सातभाई झोपतात कसे, ठाऊक आहे? एका फांदीवर ओळीने, खांद्याला खांदा लावून. पिलू ओळीच्या मधोमध शिरून गाढ झोपे. आई मात्र शेजारी जागी असे. काळजी एकच. पिलू हाक ऐकत नसे. ऐकू येत नव्हते असे नाही. पण एखादा मुंगळा दिसला की ते मुंगळ्यापाशी बसे आणि हाक वाऱ्यावर जाई. उद्या शिक्रा आला आणि हा असाच उघड्यावर मुंगळा बघत बसला, तर? शिक्रा म्हणजे कबुतराएवढाच, पण पोलादी नखांचा शिकारी पक्षी. तो काही बघत बसत नाही, सरळ झडप घालतो.

त्या थव्याच्या दोन हाका होत्या. एक येण्याची. ती मऊ, चुर्र-चुर्र अशी. कुणीही, कधीही, कुणालाही द्यावी. दुसरी दडण्याची. ती काट्यासारखी टोकदार, आणि ती फक्त पळसाच्या शेंड्यावर पहाऱ्याला बसलेल्याने द्यायची, तीही खरा धोका दिसला तरच. ही हाक आली की असाल तिथून जवळच्या झुडपात घुसायचे आणि पान होऊन बसायचे. बोलायचे नाही, हलायचे नाही, कुणाकडे जायचे नाही. थव्यातली सर्वांत म्हातारी आजी म्हणे, "आपण बडबडे म्हणून बदनाम आहोत. पण आपली ही एक हाक खोटी नाही, म्हणून आपण आहोत."

पिलाला वळण कसे लावावे, हे आईने सगळ्यांना विचारून पाहिले. थोरली जाऊ म्हणाली, "टोच एक डोक्यात. माझ्या पोरांना मी तशीच वाढवली." पण जावेची पोरे तिच्या वाऱ्याला उभी राहत नसत, हेही आई पाहत होती. मग ती उंबराच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याकडे गेली. पिंगळा म्हणजे छोटे, गोल डोळ्यांचे घुबड. हा पिंगळा पूर्वी गावातल्या एका अध्यापक विद्यालयाच्या कौलांत राहत असे आणि खाली चाललेले तास कान देऊन ऐकत असे. त्यामुळे जंगलात सगळे त्याला गुरुजी म्हणत.

"सोपं आहे," पिंगळा मान वर-खाली करत म्हणाला. "कुत्र्याला मांस द्यायच्या आधी घंटा वाजवायची. पुष्कळदा असं केलं, की नुसती घंटा ऐकूनच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आधी काय झालं आणि मागून काय आलं, याची गाठ बसते. दुसरं असं, की पिलानं हवं ते केलं की त्याला खाऊ द्यायचा. लगेच द्यायचा. ज्याच्या मागून खाऊ येतो ते पिलू पुन्हा करतं."

"पण गुरुजी, त्याच्या मनात काय चाललंय ते कसं कळणार?"

"मनाचं आपल्याला काय करायचंय? मन दिसत नाही. चोच दिसते, पंख दिसतात, तेवढं बघा."

आईला हे फार पटले. मन दिसत नाही हे तर खरेच होते. तिचे स्वतःचेही तिला कुठे दिसत होते? ती उत्साहाने घरी आली. पण एक अडचण पिंगळ्याच्या लक्षात आली नव्हती. पिलू हाकेला आले तर खाऊ द्यायचा. पण ते आलेच नाही तर? संध्याकाळी तिने चोचीत धष्टपुष्ट नाकतोडा धरला आणि बोरीच्या बुंध्याशी उभी राहून मऊ हाक दिली. नाकतोडा चोचीत असल्याने हाक जरा चेपलेली आली, पण आली. पिलू माळावर मुंगळा बघत बसले होते. ते बसूनच राहिले.

तिने पुन्हा हाक दिली. सावल्या लांबल्या. थवा करवंदीत शिरू लागला. जाऊ जाता जाता म्हणाली, "काय गं धाकटे, कुणाला जेवायला वाढतेयस? नाकतोड्याला की पोराला?" आईच्या छातीत धडधडू लागले. माळ मोकळा, पिलू एकटे, आणि आभाळात लांबवर एक ठिपका. घार होती की काय, कुणास ठाऊक. आणि तिच्याही नकळत तिच्या गळ्यातून ती टोकदार हाक निघाली. दडण्याची.

पिलू दगड लागल्यासारखे उडाले आणि सरळ तिच्या पंखाखाली येऊन धडकले. दोघेही जाळीत घुसले. जाळीतली पाने सळसळा हलत होती. पिलू मान वर करून आईकडे एकटक बघत होते. केवढे कापतेय बिचारे, असे आईला वाटले आणि तिला इतकी शरम वाटली, की तिने नाकतोडा घाईघाईने त्याच्या चोचीत कोंबला. पिलाने तो गिळला. पाने हलायची थांबली. आईचा जीव भांड्यात पडला.

आणि पडल्यावर तिला सुचले : अरेच्चा, आला की हा. हाकेला आला, आणि लगेच खाऊही मिळाला. गुरुजी म्हणाले तसेच झाले.

दुसऱ्या संध्याकाळी तिने मऊ हाक दिलीच नाही. पहारेकरी शेंड्यावरून उतरेपर्यंत ती थांबली आणि मग हळूच, जणू घसा साफ करतेय अशी, टोकदार हाक दिली. पिलू आले. नाकतोडा मिळाला. तिसऱ्या संध्याकाळी ते उडी मारत आले. पुढे पुढे तर हाक अर्धी होते न होते तोच ते जाळीत येऊन आ वासून बसे. ते आ वासून बसले, की आईच्या जिवाला जो थंडावा मिळे, त्याला तोड नव्हती. तिला वाटू लागले, आपल्याला जमले. आई होणे म्हणतात ते हेच असावे.

जावेला काही हे बघवेना. "अगं, ती हाक जेवणाची नाही."

"पण तो येतो ना, जाऊबाई."

"येतो म्हणून काय झालं? त्याला भूक तरी असते का? त्याचं पोट बघ. पिकल्या उंबरासारखं तट्ट फुगलंय."

"भूक नसती तर चोच कशाला उघडली असती?"

"खादाड आहे, म्हणून. बापावर गेलाय."

आई हसली. पण रात्री फांदीवर तिला पुन्हा झोप लागली नाही. आता काळजी पिलाची नव्हती. आपण काहीतरी चुकतोय, आणि काय ते कळत नाही, याची होती.

ते कळायची वेळ एका सकाळी आली. ऊन कोवळे होते. थवा पळसाखाली पाचोळा उलटत होता, आणि शेंड्यावर थोरली जाऊ पहाऱ्याला होती. माळाच्या पलीकडून शिक्रा जमिनीलगत आला, अगदी वारा आल्यासारखा. जावेने टोकदार हाक दिली. क्षणात पाचोळ्यावर कुणी नव्हते. ज्याला जे झुडूप जवळ मिळाले त्यात तो घुसला. आईही करवंदीत घुसली आणि तिने पानांतून बाहेर बघितले.

पिलू वर चालले होते. हाकेच्या दिशेने. उघड्या पळसाच्या शेंड्यावर, काकूकडे.

ते फांदीवर जावेच्या पुढ्यात टेकले आणि त्याने चोच उघडली. "अरे मेल्या, खाली हो," जाऊ ओरडली आणि स्वतः दगडासारखी खाली पडून जाळीत घुसली. पिलू मागे एकटे राहिले. फांदीला एक पान नव्हते. शिक्रा वर वळला.

आईला तेवढ्यात तीन गोष्टी दिसल्या. गप्प बसले, तर पिलू तिथेच बसून राहील. मऊ हाक दिली, तर ते ऐकणार नाही. ती हाक तिनेच निकामी करून टाकली होती. उरली तीच एक हाक, जिच्यामुळे ते तिथे जाऊन बसले होते. ती दिली, तर पिलू शिक्र्याच्या समोरून आडवे उडत येणार. आईने ती दिली. जीव तोडून दिली.

पिलू बाणासारखे सुटले. शिक्र्याची नखे मिटली तेव्हा त्यांत शेपटीचे एक पीस होते. पिलू काट्यांतून आत घुसून आईसमोर येऊन पडले. तोवर आजीने आरोळी ठोकली होती आणि सगळा थवा एका आवाजात शिक्र्यावर तुटून पडला होता. इतक्या बडबडीपुढे कोण टिकणार? शिक्रा पीस टाकून निघून गेला.

जाळीत आई थरथरत होती. पिलाने तिच्याकडे पाहिले आणि चोच उघडली.

तिच्याजवळ नाकतोडा नव्हता. काही नव्हते. आता खाऊ दिला, तर धडा आणखी पक्का होईल, एवढे तिला गुरुजींच्या कृपेने कळत होते. आणि नाही दिला, तर आज मरता मरता हाकेला आलेल्या लेकराला उपाशी परतवल्यासारखे होईल. तिने शेवटी खोडाच्या सालीतली एक वाळवी टिपून त्याच्या चोचीत ठेवली. पिलाने ती गिळली. आपण बरोबर केले की चूक, हे तिला तेव्हाही कळले नाही.

दुपारी सगळे उंबराखाली जमले. जावेच्या रागाला पारावार नव्हता. "तरी मी सांगत होते. पोराला टोचून टोचून शिकवायला हवं. हाक आली, की टोच. मग बघ कसा घाबरतो."

"तो हाकेला घाबरणार नाही, टोचणाऱ्याला घाबरेल," पिंगळा ढोलीतून म्हणाला. "तुमची मुलं तुम्हाला बघून पळतात, ते काय शिक्रा आला म्हणून?"

आई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगितलं तसंच तर मी केलं."

"मग शिकलाच ना तो. शिकवण अगदी उत्तम झाली," पिंगळा म्हणाला आणि मग जरा ओशाळला. "तुम्हाला वाटलं, तुम्ही त्याला यायला शिकवताय. तो शिकला, की या हाकेमागे नाकतोडा असतो. हाक कुणीही दिली तरी नाकतोडा तिकडे. त्यात त्याचं काय चुकलं? आता सोडवायचं असेल, तर हाक द्या, खाऊ देऊ नका. हळूहळू गाठ सुटेल."

"खोटी हाक आता पुन्हा नाही," आजी म्हणाली. ती एवढा वेळ डोळे मिटून होती. "गाठ सुटेल हे खरं, पण मग हाकेत काहीच उरणार नाही. पिलानं ती हाक आल्यावर मुंगळा बघत बसावं, असं हवंय का तुम्हाला?"

तिघांचे म्हणणे ऐकून आईचे डोके गरगरू लागले. तिघांचेही तिला पटत होते, हीच तिची खरी अडचण होती. लहानपणी तिला कुणी काय शिकवले होते, तेही तिला आठवेना. तिला दडता येत होते, एवढे खरे.

"मग मी करू तरी काय, आजी?"

"आधी तू गप्प बसायला शीक," आजी म्हणाली. "मग त्याला शिकव."

आजीने एक खेळ सांगितला. हाक नाही, शिक्रा नाही. नुसते जाळीत जायचे आणि पान होऊन बसायचे. आईने आणि पिलाने, दोघांनी. जे हलले ते हरले. पिलू न हलता बसले, की मग नाकतोडा. पिंगळ्यालाही हे पसंत पडले. "आधी थोडा वेळ बसवा," तो म्हणाला, "मग थोडा जास्त. खाऊ येण्याचा नाही, बसण्याचा."

पहिल्या दिवशी आईच हरली. दुसऱ्या दिवशीही. पिलू डोळे मोठे करून टुकुटुकु बघत बसून राही, आणि आईच्या मनात शिक्रा येई, पळसाची ती उघडी फांदी येई, आणि तिच्या पंखांची टोके आपोआप थरथरू लागत. बाहेरून आजी म्हणे, "धाकटे, तुझं पान हलतंय." पिलूही मान वळवून बघे, आणि हरल्यासारखे तेही हले, आणि आ वासे. मग सगळे पहिल्यापासून.

शेवटी आईने एक युक्ती काढली. पायांनी काटेरी फांदी घट्ट धरायची, शिक्र्याला मनात येऊ द्यायचे, आणि तो येऊन जाईपर्यंत फांदी सोडायची नाही. शिक्रा येई, घिरट्या घाली, आणि फांदी घट्ट असल्यामुळे की काय, पण निघून जाई. हळूहळू तिच्या पंखांची टोके शांत राहू लागली. पिलूही बसू लागले. नाकतोडे मिळू लागले. खरी हाकही मधूनमधून होई, कधी रानमांजर दिसले म्हणून, कधी मुंगूस. तेव्हा आई पिलाला पंखाने ढकलून जवळच्या झुडपात घेई आणि दोघेही खेळातल्यासारखे बसत. पण खरी परीक्षा ती नव्हती, हे तिला माहीत होते. तिथे ती सोबत असे.

पुढे एकदा संध्याकाळी शिक्रा पुन्हा आला. पिलू माळाच्या पार त्या टोकाला होते, आणि आई इकडे करवंदीत. पहाऱ्यावर पुन्हा थोरली जाऊ होती. टोकदार हाक आली आणि सगळा माळ रिकामा झाला. आईने पानांतून बघितले. पिलू दिसेना. पळसाच्या शेंड्यावर दिसेना, वाटेत दिसेना, कुठेच दिसेना. तिच्या गळ्याशी हाक आली. दिली, तर ते जिथे असेल तिथून निघून तिच्याकडे येईल, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने पायाखालची फांदी धरली. काटा रुतला. तिने धरूनच ठेवली.

शिक्रा माळावरून एकदा गेला. दुसऱ्यांदा गेला. एका तरवडाच्या झुडपावर तो बसलासुद्धा, मान वाकडी करून. मग कंटाळून उडून गेला.

थव्याने श्वास सोडला. आई वाटेत पहिला दिसला तो नाकतोडा टिपून माळाच्या त्या टोकाला धावली. त्याच तरवडाच्या झुडपात, शिक्र्याच्या पायांच्या अगदी खाली, एक मातकट पान बसले होते. ते पान हळूच डोळे उघडून तिच्याकडे बघू लागले.

मागोमाग जाऊ आली, आजी आली. संध्याकाळ झाल्यामुळे पिंगळाही ढोली सोडून आला. "बघितलंत?" तो खूश होऊन म्हणाला. "हाकेमागे बसणं, बसण्यामागे नाकतोडा. बसली गाठ. आता द्या, लगेच द्या."

आईने नाकतोडा पुढे केला. पिलाने आधी तिच्या पंखांकडे पाहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिले. आणि चोच मिटलेलीच ठेवली.

"घ्यायला हवा होता त्यानं," पिंगळा पुटपुटला.

"का रे बाळा, नको?" आईने विचारले. "तुझा आवडता नाकतोडा ना हा?"

"मला नाही आवडत नाकतोडे," पिलू म्हणाले. "त्यांचे पाय घशात टोचतात. पण तू हाक देतेस तेव्हा तू कापत असतेस, आणि मी खाल्लं की कापायची थांबतेस. म्हणून खात होतो. थोरल्या काकूनं हाक दिली तेव्हा तीपण कापत होती, म्हणून तिच्याकडे गेलो होतो. आज तिकडून कुणीच कापताना दिसलं नाही, म्हणून खेळातल्यासारखा बसून राहिलो. आणि आता तूही कापत नाहीयेस. आता मी मुंगळा बघायला जाऊ?"

तात्पर्य : आपण लेकराला काय शिकवतो, हे आपल्याला वाटते तेवढे ठाऊक नसते, म्हणून हाक देण्याआधी आपले स्वतःचे पंख पाहून घ्यावेत, कारण लेकरू हाकेआधी तेच पाहते.